कुत्रीचा माज: रक्त थांबल्यानंतरचे दिवस अधिक जपण्याचे

घरातली मादी पहिल्यांदा माजावर येते तेव्हा फरशीवरचे रक्ताचे थेंब पाहून बहुतेक घरांत एकच अर्थ लावला जातो, की तिला माणसासारखी पाळी आली आहे आणि रक्त थांबले की सारे पूर्ववत होईल. या समजुतीमुळे पाळणाऱ्याचे लक्ष नेमके चुकीच्या दिवसांवर राहते. स्त्रीच्या शरीरात गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते व रक्तस्राव होतो. कुत्रीच्या शरीरात मात्र गर्भधारणेची तयारी सुरू झाल्यामुळे, इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या वाढत्या प्रमाणाने गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरते. रक्त दिसणे ही येथे माजाची सुरुवात असते, आणि ते फिके पडू लागते त्याच सुमारास गर्भ राहण्याचे दिवस सुरू होतात. नको असलेली पिल्ले ज्या घरांत जन्माला येतात, तेथेही राखण ठेवलेली असतेच. ती फक्त आठवडाभर आधी उठवलेली असते.

दुसरी समजूत भाद्रपदाची. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या पावसाळा सरताना मोठ्या संख्येने माजावर येतात आणि थंडीच्या दिवसांत गल्लोगल्ली त्यांची पिल्ले दिसू लागतात, हे निरीक्षण खरे आहे. परंतु घरात वाढलेली लॅब्रॅडोर, पॉमेरेनियन किंवा डॅशहुंड मादी ऋतूचे हे बंधन पाळत नाही. ती चैत्रातही माजावर येऊ शकते आणि मार्गशीर्षातही. दोन माजांमधील अंतर साधारणपणे ५ ते ११ महिन्यांचे असते आणि बहुतेक माद्यांत ते सहा-सात महिन्यांच्या आसपास स्थिरावते. जर्मन शेफर्डसारख्या जातीत ते चार-पाच महिन्यांवर येऊ शकते, तर बसेंजी आणि तिबेटी मॅस्टिफ या जातींच्या माद्या वर्षातून सहसा एकदाच माजावर येतात. म्हणून पंचांगापेक्षा आपल्या मादीच्या स्वतंत्र नोंदीवर विसंबणे अधिक शहाणपणाचे.

पहिला माज केव्हा

लहान चणीच्या जातींत पहिला माज ६ ते १० महिन्यांच्या वयात येतो. मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्ष लागते आणि फार मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंतही वाट पाहावी लागते. दोन वर्षे उलटूनही माजाचे एकही लक्षण दिसले नसेल तर तपासणी करून घ्यावी. मात्र त्याआधी एक शक्यता लक्षात ठेवावी. काही माद्यांत पहिला माज इतका सौम्य असतो की रक्त दिसतच नाही, किंवा मादी स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवत असल्यामुळे ते कोणाच्या नजरेस पडत नाही. अशा न दिसलेल्या माजातही बीजे सुटू शकतात आणि गर्भ राहू शकतो.

तरुण माद्यांत आणखी एक प्रकार आढळतो. माजाची लक्षणे सुरू होतात, काही दिवसांत बीज न सुटताच मावळतात आणि दोन ते दहा आठवड्यांनी खरा माज सुरू होतो. पहिल्या खेपेला काहीच घडले नाही म्हणून निर्धास्त झालेले घर दुसऱ्या खेपेला गाफील राहते. वर्षभराच्या आतल्या मादीबाबत ही शक्यता गृहीत धरूनच चालावे.

चक्राचे चार टप्पे आणि त्यांतील दिवस

पहिल्या टप्प्याला पशुवैद्यक प्रोएस्ट्रस म्हणतात. तो सरासरी नऊ दिवसांचा असला तरी तीन दिवसांत संपू शकतो किंवा सतरा दिवसही चालू शकतो. योनिमुख सुजून ठळक दिसू लागते, रक्तमिश्रित स्राव सुरू होतो, मादी वारंवार थोडीथोडी लघवी करते आणि त्या लघवीतील गंधाने परिसरातील नरांना वर्दी मिळते. नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. शेपूट खाली दाबते, बसकण मारते किंवा गुरगुरते. एरवी शांत असलेली मादी या दिवसांत चिडचिडी किंवा अंगाला बिलगणारी होते, काहींची भूकही कमी होते. यात काळजीचे कारण नसते.

दुसरा टप्पा एस्ट्रसचा, म्हणजे खऱ्या माजाचा. तोही सरासरी नऊ दिवसांचा, पण तीनपासून एकवीस दिवसांपर्यंत कितीही लांबू शकणारा. इस्ट्रोजेन उतरू लागते, प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक चढू लागते आणि या संधिकालात मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट येते. त्या लाटेनंतर सुमारे दोन दिवसांनी बीजे सुटतात. इतर बहुतेक पाळीव जनावरांपेक्षा कुत्रीचे वेगळेपण असे की तिची बीजे सुटताना अपक्व असतात; त्यांना फलनक्षम होण्यास आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतरही ती दोन-तीन दिवस टिकतात. दुसरीकडे नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात पाच ते सात दिवस जिवंत राहू शकतात. म्हणून बीजे सुटण्याच्या कितीतरी आधी झालेला संगही वाया जात नाही आणि नंतर झालेलाही. याच कारणाने एका वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

या टप्प्याची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे स्रावाचा रंग. लालसर स्राव हळूहळू फिका गुलाबी किंवा पेंढ्याच्या रंगाचा होतो, ताठ सुजलेले योनिमुख मऊ पडते आणि शेपटीच्या बुडाशी किंवा मांडीच्या मागे हात फिरवला की मादी शेपूट एका बाजूला वळवून स्थिर उभी राहते. शेपूट वळवणे ही रंगापेक्षा अधिक भरवशाची खूण आहे, कारण काही माद्यांना संपूर्ण माजभर लालच स्राव होतो आणि केवळ रंगावर विसंबणारा फसतो. ‘अकराव्या दिवशी तयार होते’ असे ठोकताळे अनेकांच्या तोंडी असतात. बऱ्याच माद्यांच्या बाबतीत ते जुळतातही, पण सहाव्या दिवशी नराला स्वीकारणारी आणि विसाव्या दिवसानंतर स्वीकारणारी मादीही पूर्णपणे निरोगी असू शकते.

तिसरा टप्पा, डायएस्ट्रस, सुमारे दोन महिन्यांचा. मादी नराला नाकारू लागते आणि सूज उतरते. गर्भ राहिलेला असो वा नसो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण या काळात जवळपास सारखेच चढलेले असते. पुढे येणारे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निर्माण होतात. त्यानंतरचा अ‍ॅनएस्ट्रस हा विश्रांतीचा काळ, साधारण चार महिन्यांचा. दोन माजांतील अंतर कमी-जास्त होते ते मुख्यतः हा काळ कमी-जास्त झाल्याने.

नोंद कशी ठेवावी

रक्ताचा पहिला थेंब दिसेल तो पहिला दिवस धरून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख नोंदवावी. त्यानंतर रोज सकाळी, ती बाहेर जाण्यापूर्वी, पांढऱ्या कापसाचा बोळा किंवा टिश्यू पेपर योनिमुखाला हलकेच टेकवून रंग पाहावा आणि तो एका शब्दात लिहून ठेवावा: गडद लाल, गुलाबी, पेंढ्यासारखा, कोरडा. शेपूट प्रथम केव्हा वळवली आणि नराला पुन्हा झिडकारणे केव्हा सुरू झाले, या दोन तारखाही लिहाव्यात. दोन-तीन माजांची अशी नोंद हाती आली की पुढचा माज कोणत्या महिन्यात येईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. त्याहून मोठा उपयोग असा की काही बिघडले तर पशुवैद्यकांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे शेवटचा माज केव्हा झाला याला, नेमके उत्तर देता येते.

चार आठवड्यांची राखण

पहिल्या दिवसापासून पूर्ण चार आठवडे मादीवर लक्ष ठेवावे, असा साधा नियम मी सुचवेन. त्यात काही दिवस जास्तीचे जातील, पण ते जाऊ द्यावेत.

आपल्याकडच्या अनेक घरांत रक्त जात असलेल्या मादीला देवघरामुळे किंवा स्वयंपाकघरामुळे बाहेर ओट्यावर, अंगणात वा गच्चीत बांधून ठेवतात. घरातल्या ज्येष्ठांच्या भावनेचा मान राखूनही हे टाळता येते: एखादी खोली, आतली पडवी किंवा दाराआडचा कोपरा तिच्यासाठी राखून ठेवावा. बाहेर साखळीने बांधलेली मादी पळू शकत नाही आणि नराला परतवूही शकत नाही. सर्वाधिक धोक्याच्या दिवसांत तिला सर्वाधिक असहाय करून ठेवणे योग्य नाही. शेतावरच्या घरातही रात्री तिला आत घ्यावे. तारेच्या कुंपणाखालची माती उकरून नर आत येतो, बुटक्या भिंतीवरून उडी मारतो आणि जाळीच्या फाटकाला फट असेल तर फाटकाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहूनही संग होऊ शकतो.

फिरायला नेताना पट्टा हातातून सुटता कामा नये, मग ती एरवी कितीही आज्ञाधारक असो. माजातली मादी हाक ऐकत नाही, कारण तिची प्रेरणा त्या क्षणी आपल्या शिकवणीहून बलवत्तर असते. मान काढून घेता येणार नाही असा छातीचा पट्टा वापरावा, गर्दीच्या वेळा आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळीचे रस्ते टाळावेत आणि फेरी लहान ठेवावी. गृहसंकुलात राहणाऱ्यांनी शक्य असल्यास तिला इमारतीच्या दारातच लघवी करू देऊ नये, थोडे दूर न्यावे. अन्यथा त्या गंधाने नर दारातच मुक्काम ठोकतात आणि रात्रभरच्या भांडणांचा त्रास साऱ्या इमारतीला होतो. सुरक्षारक्षकाला आणि शेजारी नर पाळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवल्यास बरेच प्रसंग टळतात.

बाजारात मिळणारे कुत्र्यांचे डायपर गाद्या आणि फरशी स्वच्छ ठेवण्यासाठी आहेत, संग रोखण्यासाठी नव्हेत. ते दिवसातून अनेकदा बदलावेत आणि काही तास काढून ठेवावेत, नाहीतर कातडीला ओल धरून पुरळ येते.

घरातच नर असेल तर दोन बंद दारांचे अंतर ठेवावे किंवा नराला काही आठवडे नातेवाइकांकडे पाठवावे. ‘ते भाऊ-बहीण आहेत’ किंवा ‘तो तिचा मुलगा आहे’ हा विचार माणसांचा आहे, कुत्र्यांमध्ये त्याचा अडसर नसतो. सहा-सात महिन्यांचे नर पिल्लूही गर्भ ठेवण्यास समर्थ असू शकते.

संग झालाच तर

नर आणि मादी एकमेकांत अडकून पाठीला पाठ लावून उभे राहतात. ही नैसर्गिक अवस्था असून ती पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, क्वचित त्याहून अधिक वेळ टिकते. अशा वेळी आपल्या रस्त्यांवर दगड मारणे, पाणी ओतणे, काठीने हाकलणे हे सर्रास दिसते आणि ते अत्यंत क्रूर आहे. ओढून वेगळे केल्याने दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते, आणि तोपर्यंत वीर्य आत गेलेले असल्यामुळे गर्भ टळतही नाही. मादीजवळ शांतपणे थांबावे, ती खाली बसू किंवा लोळू पाहील तर तिला धरून आधार द्यावा आणि दोघे आपोआप सुटेपर्यंत वाट पाहावी.

त्यानंतर तारीख लिहून ठेवून एक-दोन दिवसांत पशुवैद्यकांची भेट घ्यावी. माणसांसाठीच्या गर्भनिरोधक गोळ्या तिला कधीही देऊ नयेत. ‘एक इंजेक्शन देऊन मोकळे करा’ असा आग्रहही धरू नये. यासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनांमुळे गर्भाशयात पू होण्याचा आणि अस्थिमज्जेचे कार्य खालावून जीवघेणा रक्तक्षय होण्याचा धोका असतो. पिल्ले नकोच असतील आणि पुढेही नको असतील, तर योग्य वेळी नसबंदीची शस्त्रक्रिया हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. गर्भ राहिला आहे का हे सोनोग्राफीत साधारण चार आठवड्यांनी कळते. बीजे सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी मादी विते.

माजानंतरचे दोन महिने

सूज उतरली, नर निघून गेले, घर पूर्ववत झाले, आणि सहा ते आठ आठवड्यांनी मादी अचानक बिछाना उकरू लागते, कोपऱ्यात लपते, एखादे खेळणे किंवा मोजा पोटाशी धरून कोणाला हात लावू देत नाही, आणि तिच्या आचळांत दूधही उतरते. हे खोटे गाभणपण. गर्भ न राहिलेल्या मादीतही प्रोजेस्टेरॉन दोन महिने चढलेले असते. ते उतरताना प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते आणि शरीर मातृत्वाच्या तयारीला लागते. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप निवळते. तोपर्यंत आचळ दाबून दूध काढू नये, शेक देऊ नये, तिला स्वतःला चाटू देऊ नये, कारण प्रत्येक स्पर्शाने दूध वाढते. पोटाशी धरलेल्या वस्तू ती बाहेर गेली असताना हळूच हलवाव्यात आणि फिरणे-खेळणे वाढवावे. आचळ गरम व कडक झाले, ताप आला किंवा ती आक्रमक झाली तर उपचार लागतात. प्रोलॅक्टिन कमी करणारे औषध उपलब्ध आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

याच काळात ज्याची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते तो आजार होतो: पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साचणे. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले असते, त्याची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि माजात वर चढलेल्या जंतूंना तेथे आश्रय मिळतो. माजानंतर साधारण दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसू शकतात. मादी फार पाणी पिते, वारंवार लघवी करते, खाणे सोडते, मलूल होते, उलट्या करते. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर तपकिरी किंवा पिवळसर दुर्गंधीयुक्त स्राव दिसतो. तोंड बंद असेल तर काहीच बाहेर येत नाही, फक्त पोट फुगते, आणि हाच प्रकार अधिक घातक असतो. स्वीडनमधील विमा नोंदींच्या अभ्यासात, दहा वर्षांच्या वयापर्यंत नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला हा आजार झाल्याचे आढळले होते. म्हणून मध्यमवयीन किंवा म्हाताऱ्या मादीने माजानंतर महिन्याभराने पाण्याचे भांडे वारंवार रिकामे करायला सुरुवात केली, तर उन्हाळा आहे किंवा वय झाले आहे असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य माद्या वाचतात.

माज लांबवण्यासाठी किंवा टाळण्यासाठी दिली जाणारी प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शनेही याच आजाराचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढवतात. लग्नकार्य किंवा प्रवास आहे एवढ्यासाठी ती देऊ नयेत.

रक्त नेहमी माजाचेच नसते

चार आठवड्यांनंतरही रक्त थांबत नसेल, किंवा अवेळी थोडेथोडे येत राहत असेल, तर आपल्याकडे एका विशिष्ट आजाराचा विचार करावाच लागतो. कुत्र्यांमध्ये संगातून पसरणारा टीव्हीटी नावाचा अर्बुदाचा प्रकार भारतातील भटक्या कुत्र्यांत चांगलाच आढळतो. यात एका कुत्र्याच्या अर्बुदाच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या शरीरात रुजतात. योनीत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, हात लागताच रक्त येणारी गाठ होते आणि घरचे लोक महिनोन्‌महिने तो माजच समजत राहतात. व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, मात्र त्यासाठी आधी ओळखला जावा लागतो. रस्त्यावरून घरी आणलेल्या मादीची ही तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. लघवीच्या मार्गातील संसर्ग, अंडाशयातील गाठी, आणि नसबंदी झालेल्या मादीत मागे राहिलेला अंडाशयाचा तुकडा हीदेखील अवेळी रक्ताची कारणे असतात.

पिल्ले घ्यायची असतील तर

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, तब्येतीला बरे असते’ या म्हणण्याला वैद्यकीय आधार नाही. पूर्ण विचारांती पिल्ले घ्यायचीच असतील तर पहिल्या माजात घेऊ नयेत. भारतातील २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांत विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्यांना राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक असून मादीचे वय किमान १८ महिने असणे आवश्यक आहे. नेमका दिवस ठरवण्यासाठी दिवस मोजत बसण्याऐवजी पाचव्या-सहाव्या दिवसापासून एक दिवसाआड रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासावे. ते प्रति मिलिलिटर २ नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचते तेव्हा एलएचची लाट आलेली असते आणि ५ च्या वर गेले की बीजे सुटत असतात. त्यानंतरचा दुसरा ते चौथा दिवस सर्वाधिक योग्य.

नसबंदीची वेळ

माज चालू असताना प्रजननमार्गात रक्तपुरवठा वाढलेला असल्यामुळे शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका अधिक असतो, आणि माजानंतर लगेच केल्यास प्रोजेस्टेरॉन एकदम उतरून खोटे गाभणपण उद्भवू शकते. म्हणून माज संपल्यावर दोन ते तीन महिन्यांनी, विश्रांतीच्या काळात, ती करावी. खोटे गाभणपण चालू असेल तर ते निवळेपर्यंत थांबावे. पायोमेट्रा झाला असेल तेव्हा मात्र कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहायची नसते.

पहिल्या माजाआधी करावी की नंतर, याचे उत्तर सर्व जातींना सारखे नाही. लवकर केल्यास स्तनांच्या गाठींचा धोका घटतो असे दीर्घकाळ मानले गेले आहे. दुसरीकडे गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होण्यापूर्वी केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात आणि काही माद्यांना पुढे झोपेत लघवी ठिबकण्याचा त्रास होतो. लहान चणीच्या मादीसाठी पाच-सहा महिन्यांचे वय आणि मोठ्या चणीच्या मादीसाठी वाढ पूर्ण झाल्यानंतरची वेळ असा साधारण कल ठेवून अंतिम निर्णय तिला तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबर घ्यावा. वस्तीतल्या मादीसाठी महानगरपालिकेच्या किंवा प्राणिकल्याण संस्थांच्या निर्बीजीकरण केंद्राशी पावसाळ्यापूर्वीच संपर्क साधावा, म्हणजे भाद्रपद येईपर्यंत तिची शस्त्रक्रिया होऊन जखमही भरलेली असते.

कुत्रीला रजोनिवृत्ती येत नाही. वय वाढते तसे दोन माजांतील अंतर वाढते, लक्षणे मंदावतात, पण चक्र अखेरपर्यंत चालू राहते. बारा वर्षांच्या मादीलाही गर्भ राहू शकतो आणि पायोमेट्राही होऊ शकतो. त्यामुळे तिची नसबंदी झाली नसेल तोवर दिनदर्शिकेतील नोंद आणि माजानंतरच्या दोन महिन्यांतील पाण्याच्या भांड्यावरची नजर, ही दोन्ही सोडू नयेत.